टोमॅटोची रोपं बुक करण्याआधी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा

रोहिणी लागल्या की जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या रोपवाटिकांत खरीप टोमॅटोच्या रोपांची नोंदणी सुरू होते. बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, नारायणगावच्या बाजारात कोणत्या वाणाच्या क्रेटला जास्त भाव मिळाला? प्रश्न रास्त आहे. पण पावसाळी पिकात त्याआधी स्वतःला विचारा, गेल्या वर्षी आपल्या रानातली झाडं नेमकी कशानं गेली? 'रोगप्रतिकारक' वाण सगळ्या रोगांना पुरून उरत नाही. एकेका रोगासाठी, कधी कधी त्या रोगाच्या एकेका उपप्रकारासाठी वेगळं जनुक लागतं.

मर रोगाचंच बघा. दुपारी झाड मान टाकतं, खालची पानं अनेकदा एकाच बाजूनं पिवळी पडतात. असं झाड उपटून खोड उभं चिरा. सालीखालच्या नळ्या तपकिरी दिसल्या तर फ्युजेरियम बुरशीचा संशय धरा. खोडाचा ताजा तुकडा काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात टांगून ठेवा. त्यातून दुधासारखी धार सुटली तर ती जिवाणूजन्य मर आहे, आणि फ्युजेरियमविरुद्धचं जनुक तिथं काहीच करू शकत नाही. ही पाच मिनिटांची तपासणी न करता महागडं बियाणं घेणारे शेतकरी दिसतात तेव्हा फार वाईट वाटतं.

टोमॅटोवर मर आणणाऱ्या फ्युजेरियमचे तीन उपप्रकार (रेस) आहेत. त्यांच्यासाठी आय, आय-2 आणि आय-3 ही जनुकं रानटी टोमॅटोंपासून संकरानं आणली गेली. पाकिटावर फ्युजेरियमचा प्रतिकार 'एफओएल' या खुणेनं छापतात. आकडे मात्र दोन पद्धतींनी येतात. काही कंपन्या 1, 2, 3 लिहितात, काही त्याच तिघांना 0, 1, 2 म्हणतात. म्हणून '0, 1' आणि '1, 2' यांचा अर्थ एकच असू शकतो. कोणती पद्धत वापरली आहे, ते विक्रेत्याला विचारूनच घ्या. 'एचआर' म्हणजे उच्च प्रतिकार, 'आयआर' म्हणजे मध्यम. मध्यम प्रतिकाराचं झाड रोगाचा जोर वाढला की लक्षणं दाखवतंच.

करप्याची गोष्ट वेगळी. लवकर येणाऱ्या करप्याला, म्हणजे जुन्या पानांवर वर्तुळात वर्तुळ असलेले डाग पडतात त्याला, रोखून धरणारं एखादं मोठं जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार लागतो. त्यामुळे प्रतिकारक वाणावरही डाग येतात, फक्त पसरायला वेळ लागतो आणि फवारण्यांमधलं अंतर वाढवता येतं.

उशिरा येणाऱ्या करप्यासाठी पीएच-2 आणि पीएच-3 ही जनुकं आहेत, आणि दोन्ही एकत्र असलेला वाण जास्त भरवशाचा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या 'अर्का अभेद' या संकरात ती दोन्ही आहेत. सोबत लवकर येणारा करपा, जिवाणूजन्य मर आणि पर्णगुच्छ (पानं आकसवणारा विषाणूजन्य रोग) यांनाही त्याचा प्रतिकार आहे. नवा वाण पहिल्या वर्षी सगळ्या रानात लावू नका, काही ओळींतच पाहा. फळाचा टणकपणा आणि टिकाऊपणा आपल्या बाजाराला पटला पाहिजे.

सातगाव पठारासारख्या खरीप बटाट्याच्या पट्ट्यात जास्त सावध राहा. बटाट्यावरचा आणि टोमॅटोवरचा उशिरा येणारा करपा एकाच रोगकारकामुळे होतो. थंड, ढगाळ, सतत ओली हवा राहिली की तो काही दिवसांत प्लॉट झोपवतो. हा रोगकारक खरी बुरशी नसल्यानं कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक त्याच्यावर चालत नाही. हवा बिघडताच, डाग दिसण्याआधी, मॅन्कोझेबसारखं स्पर्शजन्य (पानाच्या वरच राहणारं) औषध लेबलवरच्या मात्रेत फवारा. आंतरप्रवाही (झाडात भिनणारं) औषध लागलंच तर एकाच गटाचं पुन्हा पुन्हा नको.

सूत्रकृमींकडेही, म्हणजे मुळांत शिरणाऱ्या बारीक कृमींकडेही, दुर्लक्ष नको. मुळांवर गाठी असतील तर त्या जखमांतून फ्युजेरियमला आत शिरायला वाट मिळते. 'एमआय' जनुकाचा वाण सूत्रकृमींना तोंड देतो, पण मातीचं तापमान 28 अंशांच्या वर गेलं की तो प्रतिकार ढिला पडतो. उघडीप लांबली, ऊन तापलं की काळ्या मल्चिंगखालची माती तपासत राहा.

संकरित फळांचं बी घरी धरू नका. प्रतिकाराचं जनुक एकाच पालकाकडून आलं असेल तर पुढच्या पिढीत साधारण चारातलं एक झाड त्या जनुकाविना निघतं, आणि रोगाला शिरकाव तिथूनच मिळतो.

लागवड उंच गादीवाफ्यावर करा, पाणी ठिबकनं द्या, खालची पानं मातीला टेकू देऊ नका. लागवडीआधी एकरी 2 किलो ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) चांगल्या कुजलेल्या 100 किलो शेणखतात मिसळून वाफ्यात द्या. त्याच सुमारास तिथं रासायनिक बुरशीनाशकाची आळवणी करू नका. अमोनियमयुक्त खतांचा अतिरेक मर वाढवतो, तोही टाळा.

रोपं रोपवाटिकेतून घेतली तरी बियाण्याचं रिकामं पाकीट, लॉट नंबर आणि बिल मागून जपून ठेवा. मर लागलेलं झाड मुळासकट काढून पिशवीत भरा, बांधावर फेकू नका. प्रतिकारक वाण लावूनही नळ्या तपकिरी निघाल्या तर मुळं आणि थोडी माती घेऊन नारायणगावचं कृषी विज्ञान केंद्र किंवा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा वनस्पती रोगशास्त्र विभाग गाठा, आणि सोबत ते पाकीटही न्या.