नव्या पाळकाची वही: काय टिपावं आणि काय मुळीच टिपू नये

पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून पहिली नेमणूक ठाण्यात किंवा नवी मुंबईत झाली, की सेमिनरीतून (पाळकांच्या प्रशिक्षणशाळेतून) आणलेली टिपणं फार तर दिवाळीपर्यंत पुरतात. रविवार मात्र दर आठवड्याला येतो, आणि उपदेशात सांगायला दाखले, म्हणजे छोटे प्रसंग, लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासून खिशात मावेल अशी वही ठेवा. बॉलपेन किंवा पेन्सिल वापरा. जेल पेन नको, पावसाळ्यात ऐरोली-रबाळेच्या गर्दीत वही ओली होते आणि अख्खं पान पसरतं.

टीप म्हणजे विचार नव्हे. ‘माणसं किती घाईत असतात’ ही टीप नाही, तिचा कधी उपयोग होणार नाही. ‘तुर्भे स्टेशन, सकाळ, पाऊस. भाजीवालीने छत्री पाटीवर धरली, स्वतः भिजली’ ही टीप. ठिकाण, वेळ, हवा आणि हातांनी काय केलं, एवढंच लिहा. बोध त्याच दिवशी लिहू नका, नाहीतर पुढे त्या प्रसंगातून दुसरं काही दिसतच नाही. इंग्लंडमधल्या सेलबर्नचे पाळक गिल्बर्ट व्हाइट १७६८ पासून १७९३ साली मृत्यू येईपर्यंत हवा, पक्षी, झाडं अशा नोंदी करत राहिले. सारखे दिसणारे तीन पक्षी त्यांनी मुख्यतः आवाजावरून वेगळे ओळखले, ते अशाच बारीक निरीक्षणामुळे.

इंटरनेटवरचे तयार दाखले घेऊ नका, असं माझं ठाम मत आहे. त्यातलं बर्फ आणि अमेरिकेतली शेतं घणसोलीच्या माणसाच्या काय कामाची? ‘तयारी कशाला, पवित्र आत्मा बोलायला लावेल’ असं सांगणाऱ्या ज्येष्ठांचंही या बाबतीत ऐकू नका. त्यापेक्षा मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांतल्या) सर्वांत जुन्या बाईंजवळ जाऊन बसा.

आता खरा सापळा. यात मी अडकलो होतो, म्हणून लांबण लावतो. गृहभेटीत ऐकलेलं पुलपिटवर (उपदेशाच्या व्यासपीठावर) जाता कामा नये. ‘नाव बदललं की झालं’ हा समज साफ चुकीचा आहे. आपल्या मंडळ्या लहान. निम्मी घरं एकमेकांची सोयरी, बरीचशी अहमदनगर (आता अहिल्यानगर), जालन्याकडून आलेली. ‘मंडळीतली एक बहीण, मुलगा दुबईला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं’ एवढं म्हणालात की तिसऱ्या बाकापर्यंत माना वळतात. नाव कुणी उच्चारत नाही, पण ओळखतात सगळे. उपदेश मोबाइलवर थेट दाखवत असाल तर गावाकडचे नातलगही ओळखतात. स्तुतीच केली होती, हा बचाव चालत नाही. त्या बाईंनी ते मंडळीला सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगितलं होतं. आणि ‘आधीच्या मंडळीत एकदा’ अशी सुरुवात केलीत तर इथली माणसं ओळखतात की पुढच्या मंडळीत आपली पाळी आहे. मग दार उघडतं, चहा मिळतो, पण बोलणं बंद होतं. परवानगी घ्यायची असेल तर आठवडाभर आधी, त्यांच्या घरी, सांगणार ते वाक्य वाचून दाखवून घ्या. उपासनेच्या आधी दारात विचारलंत तर कुणालाही ‘नाही पाळकसाहेब’ म्हणता येत नाही. सर्वांत सुरक्षित उपाय हा, की विश्वासाने सांगितलेलं वहीत लिहूच नका. वही रिक्षात राहते.

घाबरू नका, दाखल्यांचा तुटवडा पडत नाही. स्वतःचं बालपण आहे. तिथेही एक वस्तू धरा: नाताळच्या चांदणीच्या बांबूच्या कामट्या, खळीचा वास, पतंगाचा कागद कुठे फाटायचा ते. मग थोरल्या भावंडाला फोन करून पडताळा. आठवण सांगता सांगता फुगते, आणि आई समोर बसलेली असली तर तिला ते कळतं.

गृहभेटीत दिसलेलं सांगता येत नाही, पण त्यावर काही घडवता येतं. रॉबर्ट स्टर्लिंग यांना स्कॉटलंडमध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली ती १८१६ साली, आणि त्यांनी गरम हवेवर चालणाऱ्या इंजिनाचं पेटंट घेतलं तेही त्याच वर्षी. तेव्हा करवत-कात्री हाती धरण्यात कमीपणा मानू नका. अंथरुणाला खिळलेल्यांकडे प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षरसाचे छोटे कप) न्यायचा डबा करून बघा. झाकणाचा उभा स्टील डबा घ्या आणि जुन्या योगा मॅटच्या दोन चकत्या कापा. वरच्या चकतीतली भोकं कपाच्या काठापेक्षा लहान, पण बुडापेक्षा मोठी हवीत. कप खाली निमुळता असल्याने मध्येच अडकून घट्ट बसतो. खालची चकती अखंड ठेवा, म्हणजे बूड टेकतं. भोक फार तंग झालं तर कप उपसताना हिसका बसतो आणि रस सांडतो. थर्माकोल वापरू नका, त्याचे कण कपात पडतात. रस वेगळ्या बाटलीत न्या आणि घरी पोहोचल्यावरच ओता. कप अर्धाच भरा, झोपून असलेल्या माणसाचा हात थरथरतो.