विचर ३ मध्ये हवा तो शेवट कसा मिळवायचा: सिरी, उत्तरेचं युद्ध आणि तूसाँ

(पुढे सगळे स्पॉयलर आहेत. गेम पहिल्यांदाच खेळत असाल तर फक्त सेव्हचा भाग वाचा आणि बाकीचं संपल्यावर.)

‘द विचर ३: वाइल्ड हंट’ मे २०१५ मध्ये आला, तेव्हापासून एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातो: शेवटच्या लढाईत असं काय चुकलं की सिरी (नायक गेराल्ट या विचरची, म्हणजे राक्षस मारणाऱ्या शिकाऱ्याची, मानलेली मुलगी) परत आलीच नाही? शेवटच्या लढाईत काहीच चुकलेलं नसतं. निकाल त्याच्या बराच आधी, चार-पाच साध्या संभाषणांत लागलेला असतो. त्यातल्या एकाही ठिकाणी पडद्यावर ‘हा निर्णय महत्त्वाचा आहे’ असं लिहून येत नाही. म्हणून बरेच जण शंभर तास खेळूनही वाईट शेवटावर जाऊन पोचतात आणि कारण तलवारीत शोधत बसतात.

मुख्य गेममध्ये तीन गोष्टी वेगवेगळ्या ठरतात: सिरीचं काय होतं, उत्तरेची राज्यं आणि नील्फगार्ड साम्राज्य यांच्यातलं युद्ध कोण जिंकतं आणि स्केलिगे बेटांच्या गादीवर कोण बसतं. गेराल्टचं येनेफर की ट्रिस, कोणत्या जादूगारणीशी जमतं हा चौथा, स्वतंत्र धागा. यांतल्या फक्त पहिल्या दोन गोष्टी एकमेकींत अडकलेल्या आहेत, त्याही एकाच शेवटासाठी.

आधी सेव्ह

ऑटोसेव्हवर विसंबू नका, ते एकमेकांवर लिहिले जातात आणि चूक कळेपर्यंत जुनं काही उरत नाही. हाताने चार सेव्ह ठेवा: ‘आयल ऑफ मिस्ट्स’ला (सिरी लपलेली असते त्या बेटाला) निघण्याआधी, केअर मोर्हेन या विचरांच्या किल्ल्यातली लढाई संपल्याबरोबर, ‘ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस’मध्ये माजी गुप्तहेरप्रमुख डायक्स्ट्राशी बोलण्याआधी आणि नोव्हिग्राड सोडून स्केलिगेला शेवटचं निघण्याआधी. पीसीवर डॉक्युमेंट्समधल्या ‘द विचर ३’ फोल्डरात ‘गेमसेव्ह्ज’ नावाचा फोल्डर असतो. तो उचलून दुसरीकडे कॉपी करून ठेवला की निश्चिंत.

यातला पहिला सेव्ह सगळ्यात मोलाचा. आयल ऑफ मिस्ट्सवर पाऊल ठेवलं की बरीच साइड क्वेस्ट तिथल्या तिथे फेल होतात, आणि त्यांत युद्धाचा निकाल ठरवणारी क्वेस्टही आहेत. गेम निघण्याआधी इशारा देतो, पण नेमकं काय हातचं जाणार ते सांगत नाही. क्रेडिट्स झाल्यावर मोकळं फिरता येतं, एक्सपान्शनही खेळता येतात, पण फेल झालेलं क्वेस्ट पुन्हा उघडत नाही.

सिरी जगते की नाही

पाच जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी गेराल्ट तिच्याशी कसा वागला ते मोजलं जातं. पाचांपैकी तीन बरोबर आली की सिरी सुखरूप.

पहिली जागा ‘ब्लड ऑन द बॅटलफील्ड’मध्ये. गेराल्टचा गुरू, म्हातारा विचर वेसेमीर गेलेला आहे, सिरीला शिकवणाऱ्या आव्हालाक या एल्फबरोबरचा सराव तिला जमत नाही आणि ती वैतागून बसली आहे. ‘रिलॅक्स, यू डोन्ट हॅव टू बी गुड अॅट एव्हरीथिंग’ हा पर्याय वाचताना अगदी मायेचा वाटतो. बापाने मुलीला म्हणावं तसा. पण तो घेतला की दोघं दारू पीत बसतात आणि ते उण्यात जातं. तिचा मूड कशाने सुधारेल ते मला माहीत आहे, अशा अर्थाचा दुसरा पर्याय घ्या: गेराल्ट तिला बाहेर काढतो आणि दोघं बर्फाचे गोळे फेकत खेळतात. खेळात हरलात तरी फरक पडत नाही, खेळणं महत्त्वाचं. बहुतेकांची पहिली चूक इथेच होते, कारण दोन्ही वाक्यं सारखीच गोड वाटतात. फरक इतकाच की एकात तिची समजूत काढून विषय मिटवला जातो आणि दुसऱ्यात गेराल्ट उठून तिच्यासाठी काहीतरी करतो.

दुसरी जागा त्याच क्वेस्टमध्ये, एमहिर, म्हणजे नील्फगार्डचा सम्राट आणि सिरीचा सख्खा बाप, याच्याकडे. सिरीला व्हिझिमाला बापाकडे न्यायचं की थेट व्हेलेनला जायचं हे तुम्ही ठरवता. नेलंत तर एमहिर ती शोधून आणल्याचे पैसे देऊ करतो. घेऊ नका. सिरीसमोर गेराल्टने मोल घेतलं की तो तिचा रक्षक न राहता भाड्याचा माणूस होतो, आणि तिला ते लागतं. थेट व्हेलेनला गेलात तर हा प्रश्नच येत नाही, पण सम्राज्ञीच्या शेवटाचा रस्ताही तिथेच बंद होतो.

तिसरी ‘फायनल प्रिपरेशन्स’मध्ये. लॉज ऑफ सॉर्सरेसेस, म्हणजे फिलिपा वगैरे जादूगारणींचं मंडळ, सिरीला भेटायला बोलावतं आणि गेराल्टने बरोबर यावं का असा प्रश्न येतो. फिलिपा आणि तिची मंडळी किती कारस्थानी आहेत हे माहीत असल्यामुळे आपण सोबत जाणारच, असं वाटतं. एकटी जाऊ द्या. ती मोठी झाली आहे आणि तिचं म्हणणं ती मांडू शकते, एवढंच गेराल्टने दाखवायचं असतं.

चौथी आणि पाचवी जागा स्केलिगेत, ‘द चाइल्ड ऑफ द एल्डर ब्लड’मध्ये, लागोपाठ येतात. आव्हालाकच्या प्रयोगशाळेत सिरीला कळतं की तिच्या पूर्वजांच्या रक्ताचा किती बारकाईने हिशोब ठेवला गेलाय आणि तिथल्या एल्फ बाईच्या तोंडून तिच्याविषयीचा तिरस्कारही ऐकू येतो. ती संतापते. तिला शांत करू नका. ‘गो फॉर इट’ घ्या आणि दोघं मिळून ती खोली फोडू द्या. लगेच पुढे ती स्क्यालच्या थडग्याशी जायचं म्हणते. हिंडार्सफ्याल बेटावर लोफोटेनमध्ये तिला मदत केलेला हा पोरगा, ज्याला गावाने भेकड ठरवून वाळीत टाकलं. वेळ नाही असं म्हणू नका, सोबत जा.

क्लायमॅक्समध्ये, व्हाइट फ्रॉस्टला (जग गोठवून टाकणाऱ्या थंडीला) सामोरं जाण्यासाठी सिरी निघते तेव्हा पडद्यावर जुन्या क्षणांची झलक येते. नीट बघा, हेच प्रसंग आहेत. बर्फाचे गोळे आणि फोडलेली खोली दिसली तर पुढे काय होणार ते कळतं, आणि दारूचा पेला दिसला तरी कळतं. या क्रमामुळेच आम्ही म्हणतो की हा गेम सिरीच्या मनातल्या विश्वासाचा आहे. तिला आत जाऊन परत यायचं बळ या आठवणीतून मिळतं.

एक गैरसमज इथे मोडून टाकायला हवा. केअर मोर्हेनच्या लढाईला तुम्ही किती मित्र जमवले याचा सिरीच्या जगण्याशी काही संबंध नाही. ‘फुल क्रू’ अचिव्हमेंटसाठी माणसं गोळा करा, जरूर करा, कारण त्याने लढाईचे प्रसंग बदलतात: जादूगारीण कीरा तिथे असेल तर लॅम्बर्ट या विचरचा जीव ती वाचवते, नसेल तर तुम्हालाच वेळेवर त्याच्याकडे धावावं लागतं. पण सिरीचा हिशोब वेगळा आहे.

विचर की सम्राज्ञी

सिरी जगणार हे नक्की झालं की दोनच शेवट उरतात. एमहिरला भेटलाच नसाल, किंवा भेटला असाल पण नील्फगार्ड युद्ध हरलं असेल, तर ती विचर होते. एमहिरला भेटला असाल आणि नील्फगार्ड जिंकलं, तर सम्राज्ञी. म्हणजे सम्राज्ञीसाठी युद्धाचं क्वेस्ट पूर्ण करावंच लागतं, आणि अनेकांचा घोटाळा इथे होतो: सिरीशी सगळं बरोबर वागतात, एमहिरकडेही नेतात, आणि तरी ती विचरच होते, कारण नील्फगार्डशी लढणारा रेडेनियाचा राजा राडोविड जिवंत राहिलेला असतो.

युद्धाची साखळी अशी. आयल ऑफ मिस्ट्सच्या आधी ‘अ डेडली प्लॉट’, ‘अॅन आय फॉर अॅन आय’ आणि ‘रेडेनियाज मोस्ट वॉन्टेड’ ही तिन्ही पुरी झालेली हवीत. त्यासाठी डायक्स्ट्रा, टेमेरियाच्या बाजूने लढणारा रोश आणि राडोविड यांच्याकडे आलेलं काम टाळू नका. ‘गेट ज्युनियर’ झाल्याबरोबर नोव्हिग्राडमध्येच हे उरकून टाकणं सगळ्यात सोपं. मग ‘ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस’ आणि ‘द ग्रेट एस्केप’ झाल्यावर ‘रीझन ऑफ स्टेट’, म्हणजे राडोविडला मारायचा कट, सुरू होतं. ते स्केलिगेला शेवटचं निघण्याआधी संपवा.

सापळा ‘ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस’मध्ये आहे. फिलिपासाठी डायक्स्ट्रा वाट अडवतो आणि त्याला जोरात बाजूला ढकलायचा पर्याय येतो. त्या वेळी चिडून तो दाबायची फार इच्छा होते. दाबलात की गेराल्ट त्याचा पाय मोडतो आणि ‘रीझन ऑफ स्टेट’ कायमचं गेलं. दुसरा कोणताही मार्ग घ्या.

‘रीझन ऑफ स्टेट’च्या शेवटी, राडोविड मेल्यावर, डायक्स्ट्रा कट उलटवतो आणि कटातलेच साथीदार रोश, व्हेस, थेलर या टेमेरियाच्या तिघांना संपवायला निघतो. बाजूला होऊन निघून गेलात तर डायक्स्ट्राच उत्तरेचा सर्वेसर्वा होतो. आडवे आलात आणि त्याला मारलंत तर नील्फगार्ड जिंकतं आणि टेमेरियाला मांडलिक म्हणून स्वतःचं राज्य मिळतं. क्वेस्टच केलं नाही तर राडोविड जिंकतो आणि जादूगारांनंतर एल्फ-बुटक्यांचा नंबर लागतो. हा निकाल फार लोक नकळत मिळवतात, निव्वळ क्वेस्ट फेल झाल्यामुळे.

कुठला चांगला यावर चाहत्यांचं कधीच एकमत झालेलं नाही. माझं स्पष्ट मत: डायक्स्ट्रा हुशार राज्यकर्ता असेल, पण रोश आणि व्हेसला त्याच्या हाती सोडून पाठ फिरवणारा गेराल्ट आपण शंभर तास खेळलेला गेराल्ट वाटत नाही. तो प्रसंग घाईत लिहिल्यासारखा आहे, डायक्स्ट्रासारखा माणूस तीन योद्ध्यांसमोर इतका बेफिकीर होईल हे पटत नाही, तरी पर्याय एकच उरतो. आणि विचर शेवटाची बाजू डिसेंबर २०२४ मध्ये आणखी भक्कम झाली, कारण ‘विचर ४’च्या पहिल्या ट्रेलरमध्ये सिरीच विचर म्हणून समोर आली. पण व्हाइट ऑर्चर्डच्या बर्फात गेराल्टबरोबर शिकारीला आलेली सिरी आपण जाणार हे सांगते, तो सम्राज्ञीचा प्रसंग एकदा तरी बघाच. लेखनाच्या दृष्टीने तो तिन्हींत सरस आहे. वाईट शेवटही मुद्दाम बघणारे असतात. त्यात गेराल्ट क्रुकबॅक बॉगमध्ये उरलेल्या एका क्रोनला (दलदलीतल्या चेटकिणीला) शोधत जातो, वेसेमीरचं पदक घेण्यासाठी.

स्केलिगे, प्रेम आणि तूसाँ

स्केलिगेसाठी, गादीवर दावा असलेल्या बहीण-भावांपैकी सेरिसचं ‘पझेशन’ आणि ह्याल्मारचं ‘द लॉर्ड ऑफ उंडविक’ करून ‘किंग्ज गॅम्बिट’ सुरू करा. मेजवानीतल्या कत्तलीनंतर ज्याला मदत कराल तो गादीवर बसतो. कोणालाच केली नाही तर मेलेल्या राजाची बायको बिर्ना हिचा मुलगा स्वानरिगे राजा होतो. शांतता हवी तर सेरिस. ह्याल्मार राजा झाला की नील्फगार्डवर धाडी सुरू. हेही आयल ऑफ मिस्ट्सच्या आधीच.

येनेफरसाठी ‘द लास्ट विश’मध्ये जिन गेल्यावर, ट्रिससाठी ‘नाऊ ऑर नेव्हर’मध्ये धक्क्यावर प्रेम आहे असं स्पष्ट सांगा. दोघींना सांगितलंत तर पुढे दोघी मिळून गेराल्टला पलंगाला बांधून ठेवतात आणि तो एकटा राहतो. मध्यम मार्ग नाही.

मे २०१६ मध्ये आलेल्या ‘ब्लड अँड वाइन’ या तूसाँमध्ये घडणाऱ्या एक्सपान्शनमध्ये तिन्ही निकाल दोघी बहिणींवर फिरतात: डचेस अॅना हेन्रिएटा आणि सियाना. परीकथांच्या जगातून गेलात तर तिथल्या काड्या विकणाऱ्या मुलीकडून रिबन मिळवा. सियानाकडे ती रिबन असेल तर डेटलॅफ या व्हँपायरच्या हल्ल्यातून ती निसटते, नसेल तर तिथेच मरते. ती वाचली तरी काम संपत नाही. पाचवा बळी म्हणून तिने डचेसलाच ठरवलं होतं हे शोधून काढा, आणि सोहळ्याआधी तुरुंगात तिच्याशी बोलून बहिणीला माफ करायला लावा. नुसता पुरावा तोंडावर फेकून आलात तर सोहळ्यात ती डचेसला मारते आणि बाण लागून स्वतःही मरते. शेवटी गेराल्टच्या कोर्वो बियान्को या द्राक्षमळ्याच्या दारात कोण येतं ते तुमच्या प्रेमावरून ठरतं: येनेफर किंवा ट्रिस, दोघीही नसतील तर जिवंत असलेली सिरी, आणि तीही नसेल तर गेराल्टचा कवी मित्र डँडेलायन.

दुसऱ्या फेरीला न्यू गेम प्लस घेणार असाल तर किमान ३० व्या लेव्हलपासून सुरुवात होते, हत्यारं-चिलखत बरोबर येतं, पण ग्वेंटची पत्ते-जमवाजमव पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला विचर २ चा निकाल सिम्युलेट करण्याचा पर्याय चालू ठेवा. व्हिझिमाच्या राजवाड्यात दाढी करताना नील्फगार्डचा सेनापती व्होऱ्हिस जे प्रश्न विचारतो, त्यात विचर २ मधल्या लेथोला सोडलं असं सांगितलंत तरच ‘गोस्ट्स ऑफ द पास्ट’मध्ये तो भेटतो आणि केअर मोर्हेनला बोलावता येतो.