साथीची बातमी वाचायची कशी

जून 2021 मध्ये बातमी फिरली: महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह विषाणू. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने ते नमुने मार्च 2020 मध्येच घेतले होते. बातमी ताजी, माहिती सव्वा वर्ष जुनी. साताऱ्या-सांगलीच्या घरगुती ग्रुपवर असं काही आलं की आधी नमुना कधीचा, ते शोधा.

मग सापडलं काय आणि कुणात? महाबळेश्वरला मुख्यतः अँटिबॉडी सापडल्या, म्हणजे त्या वटवाघळांना विषाणू कधीतरी लागून गेला होता. माणूस आजारी पडणं ही निराळी बातमी, आणि तेव्हा महाराष्ट्रात निपाहचा एकही रुग्ण नोंदलेला नव्हता. मथळ्यात हे वाक्य कधी बसत नाही! 'संशयित' आणि 'निदान पक्कं' यांतही असाच फरक असतो.

खरी गफलत आकड्यांत होते. 2011 च्या जनगणनेत सातारा जिल्हा 30 लाखांचा. 'जिल्ह्यात सहा रुग्ण' म्हणजे दर दहा लाखांत दोन. तेही आठवड्याचे की जानेवारीपासूनचे, हे पाहायला हवं. 'एकूण रुग्ण' हा आकडा कधी खाली येतच नाही, त्यामुळे ओसरत चाललेली साथही रोज वाढतेय असं वाटतं. त्याऐवजी रोजचे नवे रुग्ण वहीत लिहा आणि सात दिवसांची बेरीज मागच्या सातांशी ताडा. एका दिवसावर जाऊ नका: रविवारी तपासण्या कमी होतात, राहिलेले अहवाल नंतर एकदम येतात.

एकच रुग्ण दहा चॅनलांवर दिसला की मनात दहा होतात. जे चटकन आठवतं तेच जास्त घडतं असं आपण धरतो. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये हे मांडलं. उलट क्षयाने देशात वर्षाला तीन लाखांच्या आसपास माणसं जातात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. रोजची आठशे. रोजचं म्हणूनच त्याचा मथळा होत नाही, आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला अंगावर काढला जातो.

शेवटी रोग कशातून पसरतो ते बघा, कारण काय करायचं ते त्यावरच ठरतं. 2020 च्या सुरुवातीला कोरोनाच्या अफवेने लोकांनी चिकन सोडलं, पोल्ट्रीवाले बुडाले. कोरोना कोंबडीतून येतच नव्हता. निपाहच्या भीतीने वटवाघळं हुसकू नका, त्यांच्याशी संपर्क उलट वाढतो. उष्टी, टोचलेली फळं टाका, बाकीची धुऊन सोलून खा. शंका राहिलीच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा 104 या आरोग्य हेल्पलाइनवर नेमकं विचारा: आपल्या तालुक्यात निदान पक्कं झालेला रुग्ण आहे का?