विंचू दिसला की रंग पाहू नका, आणि या चुका टाळा

मोठा काळा विंचू निघाला की सगळी आळी गोळा होते. बोटाएवढा तांबूस विंचू मात्र ‘पिल्लू आहे’ म्हणून चपलेने बाजूला सारला जातो. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात हा हिशेब बरोबर उलटा आहे. काळी जाडजूड इंगळी दिसायला भयंकर असते. तिने नांगी मारली तर आग होते, सूज येते, पण जिवावर सहसा बेतत नाही. माणसे दगावतात ती लाल विंचवाने. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस, लांबी शेपटीसकट साधारण ५ ते ९ सेंटीमीटर, आणि गणना जगातल्या अत्यंत विषारी विंचवांत.

रंगावरून ओळख पटवणे

‘लाल’ या नावानेच घोळ होतो. हा विंचू पिवळसर असतो, नारिंगी असतो, गडद तपकिरीही असतो. त्याच्या जवळच्या काही जाती तर चांगल्या काळपट आहेत. त्यात रात्री पडवीतल्या बल्बच्या उजेडात सगळेच तपकिरी दिसते. म्हणून आधी चिमटे बघा, मग शेपूट. चिमटे बारीक आणि शेपूट जाड असेल, तर तो घातक गटातला समजून चाला. चिमटे खेकड्यासारखे रुंद आणि त्या मानाने शेपूट बारीक, तर ती इंगळीच्या जातकुळीतली. यामागे साधे कारण आहे. ज्याला चिमट्यात झुरळ चिरडता येते, त्याचे विषावाचून फारसे अडत नाही. ज्याचे चिमटे लेचेपेचे, त्याची सगळी भिस्त नांगीवर.

अर्थात हा अंदाज आहे. घराभोवती कोणते विंचू आहेत हे समजायला तो पुरतो. डंख झाल्यावर मात्र ‘काळाच होता’ म्हणून घरी बसून राहू नये.

उलट बाजूने, निरुपद्रवी जीवांचाही हकनाक बळी जातो. भातखाचरात दिसणारा पाणविंचू हा कीटक आहे. त्याची ‘शेपूट’ म्हणजे श्वास घ्यायची नळी. जुन्या पुस्तकांत तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान, चिमटेवाला पण शेपूट नसलेला जीव दिसला तर तो छद्मविंचू. तो पुस्तकातल्या बारीक किड्यांवर जगतो. राहू द्या.

मादीला झाडूने मारणे

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण निरीक्षणातून आलेली आहे. पिल्ले जन्मली की आईच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत, म्हणजे आठवडा-दोन आठवडे, तिथेच राहतात. (पिल्ले आईला खाऊन बाहेर पडतात ही समजूत मात्र खोटी.) अशा मादीवर झाडू पडला की पिल्ले चौफेर पांगतात आणि कपाटाखाली, गादीच्या शिवणीत शिरतात. त्याऐवजी तिच्यावर काचेची बरणी उपडी घाला, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि बरणी सुलटी करा. गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही, त्यामुळे घाई करायचे कारण नाही. बरणी जवळ नसेल तर लांब चिमटा चालेल. हात नको, आणि पुढून उघड्या चपलेचा पाय तर नकोच. मेलेल्या विंचवाची नांगीही बोटात घुसू शकते.

फवारणी करून निर्धास्त होणे

ही सर्वांत महागडी चूक. कीटकनाशकाचा फवारा झुरळावर चालतो तसा विंचवावर चालत नाही. तो दिवसभर खोल फटीत असतो, त्याचे कवच जाड असते आणि काही न खाता तो महिनोन्‌महिने तग धरतो. कधी कधी तर फवाऱ्याने बिथरून तो फटीतून निघतो आणि थेट माजघरात येतो. कापूर, डांबराच्या गोळ्या, चुन्याची रेघ यांवरही भरवसा ठेवू नका.

विंचू घरात येतो तो खायला आणि लपायला. खाणे म्हणजे झुरळे, रातकिडे, कोळी, वाळवी. दारावरचा पांढरा दिवा रात्रभर जळत ठेवलात की त्यावर किडे येतात, आणि किड्यांमागे विंचू. दिवा पिवळा लावा, गरजेपुरता लावा. मोरीतली झुरळे कमी करा. फवाऱ्याच्या पैशांत हे दोन्ही होते. परसात कोंबड्या असतील तर उत्तम, त्या विंचू खातात. फक्त कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात जातात आणि विंचू त्यानंतर बाहेर पडतो, एवढे ध्यानात असू द्या.

लपायच्या जागा तर आपणच करून देतो. कोकणात पावसाळ्याची बेगमी म्हणून मे महिन्यात लाकूडफाटा आणि शेणी पडवीत भिंतीला लावून रचतात. जांभ्याच्या चिऱ्यांचे उरलेले तुकडे जोत्यापाशी पडलेले असतात, आणि गडगा घराला टेकलेला असतो. विंचवाला याहून बरी जागा कुठली मिळणार? रास भिंतीपासून हातभर लांब, फळ्यांच्या किंवा विटांच्या घोडीवर रचा. लाकूड आत आणताना एकेक ढलपी आपटून मगच कवेत घ्या. कौले चाळताना, चिरे हलवताना जाड हातमोजे घाला. उघड्या हाताने खाचेत हात घालणे हे डंखाचे नेहमीचे कारण आहे.

फटी बुजवताना नेमक्या फटी विसरणे

खिडक्यांना जाळ्या बसवतात आणि दाराखाली बोटभर फट तशीच राहते. विंचवाचे अंग चपटे असते, त्याला अर्धा सेंटीमीटरही पुष्कळ होते. दाराखाली रबरी पट्टी लावा. मोरीच्या जाळीची भोके बारीक हवीत. नळाचा आणि वायरीचा पाइप भिंतीतून जिथे आत येतो, तिथली पोकळी सिमेंटने भरा. ‘चौथ्या मजल्यावर विंचू आला कसा’ याचे उत्तर बहुधा त्या पाइपांच्या उभ्या पोकळीत असते, नाहीतर गावाहून आलेल्या नारळांच्या पोत्यात.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी एक सुचवणे: जोत्याला बाहेरून फूटभर उंचीची गुळगुळीत टाइलची पट्टी लावा आणि सांधे नीट भरा. खडबडीत भिंत चढणारा विंचू तिथे घसरतो. झाडाची फांदी किंवा वेल मात्र भिंतीला टेकू देऊ नका, नाहीतर पट्टी असून नसून सारखी.

कौलारू घरात तो वरूनही पडतो. तिथे मच्छरदाणी गादीखाली चहूबाजूंनी खोचलेली हवी. पलंग भिंतीपासून वीतभर सरकवा, चादर जमिनीवर लोळू देऊ नका. बूट, दोरीवरचे कपडे, मुलांचे दप्तर झटकून घ्यायची सवय लावा.

दिवसा शोधणे

बंदोबस्त करूनही विंचू निघतच असतील तर रात्री शोधा. अतिनील टॉर्च ऑनलाइन सहज मिळतो. ३९५ नॅनोमीटरचा साधाही चालतो. विंचवाच्या कवचातल्या काही द्रव्यांमुळे त्या प्रकाशात तो हिरवट-निळा चमकतो, भिंतीवर कितीही बेमालूम मिसळलेला असला तरी. अमावस्येच्या आसपास, अंगणातले दिवे बंद करून, पायात गमबूट घालून जोत्याभोवती फेरी मारा. टॉर्चचा झोत डोळ्यांत जाऊ देऊ नका. विंचू कुठे दिसतो ते खडूने टिपा. चार फेऱ्यांत एकाच कोपऱ्यात खुणा जमल्या तर फट तिथेच आहे. नुकतीच कात टाकलेला विंचू चमकत नाही, तेव्हा एका फेरीत काही दिसले नाही म्हणून शोध थांबवू नका.

डंख झाल्यावरच्या चुका

आवळून बांधणे, ब्लेडने चिरणे, चिंचोका चिकटवणे, आघाड्याचे मूळ फिरवणे, मांत्रिकाकडून विंचू उतरवून घेणे. मांत्रिकाला यश का येते? कारण बरेचसे डंख आपोआप उतरतात. उरलेल्यांत हा वेळच जिवावर उठतो.

दुसरी चूक वेदनेवरून धोका मोजण्याची. नुसतीच जीवघेणी कळ असेल आणि बाकी काही नसेल तर प्रकरण बहुधा निभावते. उलटी, दरदरून घाम, थंडगार हातपाय, तोंडातून लाळ, पुरुषांत किंवा मुलग्यांत लिंग ताठणे ही खरी धोक्याची चिन्हे, मग कळ थोडीशीच का असेना. विष शरीरातल्या चेतासंस्थेला पेटवते, रक्तदाब चढतो, हृदय थकते आणि काही तासांत फुप्फुसात पाणी भरू शकते. ही चिन्हे लवकर ओळखायला शिकवली महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी. त्यांचा निबंध १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यांनी या रुग्णांना द्यायला सुरुवात केली आणि गंभीर रुग्णांमधले मृत्यू कमालीचे घटले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

प्राझोसिन घरच्या घरी देऊ नका. पहिल्याच गोळीने रक्तदाब एकदम उतरू शकतो. सापाच्या विषावरची लस इथे उपयोगाची नाही, विंचवाची वेगळी लस असते आणि ती कधी द्यायची ते डॉक्टर ठरवतात. तुम्ही डंखाची जागा साबणाने धुवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, अंगठी-बांगडी काढा, आणि १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने निघा. मूल असेल तर चिन्हांची वाट बघू नका. विंचू शोधत बसू नका. डंख किती वाजता झाला आणि पहिली उलटी किती वाजता झाली, एवढे कागदावर लिहून सोबत न्या. डॉक्टर आधी तेच विचारतील.