मिथेनॉल फ्युएल सेलसाठी प्लॅटिनम-रुथेनियम नॅनोउत्प्रेरक: तयार करण्याची आणि पारखण्याची पद्धत

थेट मिथेनॉलवर चालणाऱ्या फ्युएल सेलमध्ये (इंधनातून वीज देणाऱ्या घटात) ॲनोडवर, म्हणजे इंधनाच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर, मिथेनॉलचा एक रेणू पाण्याच्या एका रेणूबरोबर अभिक्रिया करून कार्बन डायऑक्साइड, सहा प्रोटॉन आणि सहा इलेक्ट्रॉन देतो. या सेलचे सैद्धांतिक व्होल्टेज सुमारे १.२ व्होल्ट आहे; भार दिल्यावर मात्र ते बहुधा निम्म्याखाली उतरते आणि या घसरणीत ॲनोडचा वाटा मोठा असतो. शुद्ध प्लॅटिनमवर मिथेनॉल तुटताना तयार होणारा कार्बन मोनॉक्साइड पृष्ठभागाला घट्ट चिकटतो आणि पुढच्या रेणूला जागाच उरत नाही. शेजारी रुथेनियमचा अणू असेल, तर तो प्लॅटिनमपेक्षा सुमारे ०.२ ते ०.३ व्होल्ट कमी विभवाला (विद्युत दाबाला) पाण्यातून हायड्रॉक्सिल गट धरतो आणि त्या गटाच्या साहाय्याने मोनॉक्साइड जळून जागा मोकळी होते. वातानाबे आणि मोतोओ यांनी १९७५ साली मांडलेली ही द्विकार्यी यंत्रणा लक्षात ठेवूनच पुढची प्रत्येक कृती करावी, कारण दोन्ही धातूंचे अणू एकमेकांना लागून बसले नाहीत तर महागडे क्षार वापरूनही हाती काही लागत नाही.

येथे कार्बनवर २० टक्के धातू आणि दोन्ही धातूंचे अणुप्रमाण १:१ असलेल्या १०० मिलिग्रॅम उत्प्रेरकाचा हिशेब घेऊ. २० मिलिग्रॅम धातूपैकी प्लॅटिनम १३.२ आणि रुथेनियम ६.८ मिलिग्रॅम भरते, कारण प्लॅटिनमचा अणू रुथेनियमच्या जवळजवळ दुप्पट जड आहे. वजनाने निम्मे-निम्मे घेण्याची चूक नवख्यांकडून हमखास होते. त्यासाठी सहा रेणू पाणी असलेले क्लोरोप्लॅटिनिक आम्ल सुमारे ३५ मिलिग्रॅम लागते. रुथेनियम क्लोराइडमधील पाण्याचे प्रमाण बाटलीगणिक बदलते, म्हणून लेबलवरील धातूची टक्केवारी पाहूनच वजन ठरवावे. ती ४० टक्के असेल तर १७ मिलिग्रॅम पुरते. प्लॅटिनमचा क्षार हवेतले पाणी भराभर ओढतो, तेव्हा तोलणे झटपट उरकावे आणि चमचा प्लास्टिकचा घ्यावा, कारण स्टीलवर प्लॅटिनम उतरते. या क्षाराच्या धुळीने दम्यासारखा कायमचा विकार जडू शकतो, म्हणून हे काम हातमोजे घालून आणि धूरपेटीतच करावे.

दोन्ही क्षार ५० मिलिलिटर एथिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळवून त्यात ग्लायकॉलमध्येच केलेले सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे आणि सामू ११ ते १२ वर आणावा. ही पायरी घाईने करण्यासारखी नाही. तापल्यावर ग्लायकॉल धातूचे क्षपण करते आणि त्याच वेळी त्यापासून बनणारे ग्लायकोलेट आयन नव्या कणांभोवती बसून त्यांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. सामू घसरला की हे संरक्षण सुटते आणि कण मोठे होतात. नायट्रोजनच्या प्रवाहात, रिफ्लक्स (वाफ थंड करून परत भांड्यात सोडणारी जोडणी) लावून, १६० अंश सेल्सिअसला तीन तास तापवल्यावर पिवळसर तपकिरी द्रावण गडद होत जाऊन काळपट कोलॉइड बनते.

व्हल्कन एक्ससी-७२ जातीचा ८० मिलिग्रॅम कार्बन ग्लायकॉलमध्ये सोनिकेटरवर (ध्वनिलहरींनी ढवळणाऱ्या यंत्रावर) चांगला पसरवून थंड झालेल्या कोलॉइडमध्ये मिसळावा. मग विरल सल्फ्युरिक आम्लाने सामू ३ च्या खाली आणून रात्रभर ढवळत ठेवावे. आम्लात ग्लायकोलेटचे ग्लायकोलिक आम्ल होते, त्याची पकड सुटते आणि कण कार्बनवर उतरतात. गाळून आलेले द्रावण पाण्यासारखे स्वच्छ असले पाहिजे. माझ्या पहिल्या बॅचला ते कोऱ्या चहासारखे आले होते: सामू ५ वरच थांबवल्यामुळे बराचसा धातू गाळणीतून निघून गेला होता. पुढे गरम पाण्याने धूत राहावे आणि धुवणाच्या काही थेंबांत विरल नायट्रिक आम्लाबरोबर सिल्व्हर नायट्रेट घातल्यावर पांढरी झाक उमटेनाशी झाली की थांबावे. उरलेले क्लोराइड प्लॅटिनमच्या जागा अडवते आणि धातू विरघळण्यासही मदत करते. भुकटी निर्वात ओव्हनमध्ये ८० अंशांवर सुकवून, पूर्ण थंड झाल्यावरच हळूहळू हवा आत सोडावी.

सुकलेल्या भुकटीवर अल्कोहोल कधीही थेट ओतू नये. प्लॅटिनमच्या बारीक कणांवर अल्कोहोलची वाफ आणि हवा एकत्र आली की ठिणगीशिवाय पेट घेते; आधी पाण्याने भुकटी पूर्ण भिजवावी आणि मगच आयसोप्रोपेनॉल घालावे. मिथेनॉलची बाटली उघडी ठेवू नये. मालाडच्या मालवणीत २०१५ साली मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

क्ष-किरण विवर्तनात, तांब्याच्या के-अल्फा किरणांनी, शुद्ध प्लॅटिनमचे मुख्य शिखर ३९.८ अंशांजवळ येते. रुथेनियमचे अणू जाळीत शिरले असतील तर ते मोठ्या कोनाकडे सरकते. कणांचा आकार मात्र ६७ ते ६९ अंशांच्या शिखरावरून काढावा, कारण तिथे कार्बनची लुडबुड नसते. दोन ते चार नॅनोमीटर आकार चांगला मानावा. अस्फटिकी रुथेनियम ऑक्साइड विवर्तनात दिसत नाही, म्हणून दोन्ही धातूंच्या प्रमाणाची खात्री आयसीपी विश्लेषणाने (प्लाझ्माच्या साहाय्याने मूलद्रव्ये मोजणाऱ्या पद्धतीने) करावी.

आता खरी पारख. ५ मिलिग्रॅम भुकटी १ मिलिलिटर पाणी-आयसोप्रोपेनॉलच्या मिश्रणात थोड्या नॅफिऑनसह (प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पॉलिमरसह) बर्फाच्या पाण्यात सोनिकेट करावी आणि ५ मिलिमीटर व्यासाच्या ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर १० मायक्रोलिटर सोडावी. धातूचा थर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५१ मायक्रोग्रॅम होतो. कडेला जाड आणि मध्ये विरळ असे कडे पडले तर थर पुसून पुन्हा द्यावा. द्रावण अर्धा मोलर सल्फ्युरिक आम्ल आणि १ मोलर मिथेनॉलचे, नायट्रोजनने ऑक्सिजन काढलेले असावे. संदर्भ इलेक्ट्रोड मर्क्युरी-मर्क्युरस सल्फेटचा घ्यावा, कारण सिल्व्हर क्लोराइडच्या इलेक्ट्रोडमधून क्लोराइड झिरपते. विभव उलटगामी (रिव्हर्सिबल) हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.८ व्होल्टच्या फार वर नेऊ नये. तिथे रुथेनियम विरघळू लागते आणि आपण ज्याची परीक्षा घेतो आहोत तो मिश्रधातूच उरत नाही.

पुष्कळ लेखांत विभव वर नेताना आणि परत खाली आणताना प्रवाहाच्या आलेखात दिसणाऱ्या पुढच्या आणि परतीच्या शिखरांचे गुणोत्तर मोनॉक्साइड सहन करण्याचे माप म्हणून दिले जाते. माझ्या मते ते सोडून द्यावे: परतीचे शिखर प्रामुख्याने ऑक्साइड निघून मोकळ्या झालेल्या जागांवर ताज्या मिथेनॉलच्या ज्वलनाचे असते. सेलमधला ॲनोड प्रत्यक्षात ज्या विभवाला चालतो, तिथे, म्हणजे ०.५ व्होल्टच्या आसपास, विभव स्थिर ठेवून तासभर प्रवाह नोंदवावा आणि तो प्लॅटिनमच्या मिलिग्रॅममागे द्यावा. त्याच अटींवर बाजारातील प्लॅटिनम-रुथेनियम उत्प्रेरकही तपासावा. शेवटी वापरलेले द्रावण फेकून न देता त्यातील रुथेनियम आयसीपीने मोजावे, कारण सेलमध्ये हेच सुटलेले रुथेनियम दोन इलेक्ट्रोडांमधले पटल ओलांडून कॅथोडवर (ऑक्सिजनच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर) बसते आणि तिथे ऑक्सिजनची अभिक्रिया मंदावते.