पीआर ते पासपोर्ट: कॅनडाची फाईल घरच्या घरी लावताना

आमच्या घरात कागदांचं खातं माझ्याकडे आहे. नवरा मेकॅनिकल इंजिनिअर, पण समोर फॉर्म आला की त्याला अचानक भूक लागते. त्यामुळे २०१६ च्या मे महिन्यात आम्ही नाशिकहून मिसिसागाला आलो ती पीआरची (म्हणजे कॅनडात कायमचं राहण्याच्या परवानगीची) फाईल, नंतरची सिटिझनशिपची, आईच्या सुपर व्हिसाची (आई-वडिलांना लांब मुक्कामाला बोलावण्याचा व्हिसा) आणि पुढे नणंदेची, अशा सगळ्या मीच लावल्या. मी वकील नाही, कन्सल्टंट नाही, दातांच्या दवाखान्यात समोरच्या काउंटरला बसते. आता जावेचा भाऊ पीआरसाठी उभा राहिलाय आणि रोज रात्री फोन येतो, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. कायद्यापायी अडलेली फाईल मी फारशी पाहिलेली नाही. अडते ती नावात नाहीतर तारखेत.

नावापासून सुरू करते, कारण हे दुखणं खास आपलं. लग्नात आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि तांदळात अंगठीनं लिहून पहिलं नावही बदलतं. मग शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक बाई, डिग्रीवर तीच बाई, पासपोर्टवर दुसरीच. तिथल्या अधिकाऱ्याला हे कसं कळावं? तेव्हा अर्जाचं पान उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव प्रत्येक कागदावर जसं आहे तसं, अक्षर न अक्षर, उतरवून काढा. माझ्या सासऱ्यांच्या ‘ईश्वर’मध्ये पासपोर्टवर डब्ल्यू आहे आणि पेन्शनच्या कागदावर व्ही. हे आपल्या डोळ्याला दिसत नाही, कारण आपण स्पेलिंग वाचतच नाही, माणूस वाचतो.

फॉर्ममध्ये ‘पूर्वी दुसरं नाव वापरलं होतं का’ असा प्रश्न असतो. तिथे बायका सर्रास ‘नाही’ म्हणतात. माहेरचं नाव म्हणजेच दुसरं नाव, ‘हो’ म्हणा आणि पूर्ण लिहा. पहिलं नावच बदललेलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला पुरत नाही, महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्या. अर्ज ऑनलाइन होतो, आणि हे काम सगळ्यात आधी करा.

आईच्या सुपर व्हिसाच्या वेळी माझी याच जागी झोप उडाली होती. नातं सिद्ध करायला माझा जन्मदाखला लागतो, त्यावर आईचं नाव हवं. रात्री अकरा वाजता स्कॅन करताना पहिल्यांदा नीट वाचला तर बाळाच्या नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’, आणि आईचं नाव ‘शालन’. आईचा पासपोर्ट ‘सुमन’ नावाचा! सकाळी फोन केला तर आई म्हणाली, “अगं, तुझ्या वेळी मी माहेरी होते ना निफाडला. नोंद करायला तुझा मामा गेला. त्याच्या तोंडी मी शालनच.” पहिलं बाळंतपण माहेरी, हे प्रकरण किती घरांत असेल कोण जाणे. मग दाखल्यात माझं नाव घालून घेतलं, आईचं प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्र काढलं, आणि जोडीला तिची लग्नपत्रिका लावली, त्यावर चि. सौ. कां. शालन असं छापलेलं आहे. वर एक पानी पत्र लिहिलं की आमच्यात लग्नानंतर नाव बदलण्याची पद्धत आहे, या दोन्ही बाया एकच. व्हिसा मिळाला. पत्र लिहायला लाजू नका. अधिकाऱ्याच्या मनात शंका येण्याआधी उत्तर त्याच्या हातात असलेलं बरं.

सुपर व्हिसाचं एवढंच सांगून पुढे जाते. आई-वडिलांना पीआर देण्याची योजना आहे, पण तिथे चिठ्ठीत नाव निघावं लागतं. सुपर व्हिसाला चिठ्ठी नाही. २०२२ च्या जुलैपासून एका खेपेला पाच वर्षांपर्यंत राहता येतं. तुमचं उत्पन्न कुटुंबाच्या माणसांच्या हिशेबात ठरलेल्या रेषेच्या वर हवं (आई-बाबा धरून माणसं मोजायची), त्यांची मेडिकल, आणि किमान १ लाख डॉलरचा वर्षभराचा आरोग्य विमा. या विम्यात पैसे वाचवू नका. सरकारी आरोग्य कार्ड त्यांना मिळत नाही, आणि मधुमेह-बीपी लपवून घेतलेली पॉलिसी ऐन वेळी हात वर करते.

आता मूळ पीआर. एक्स्प्रेस एंट्री, म्हणजे शिकलेल्या-अनुभवी माणसांना गुणांवरून पीआरसाठी बोलावण्याची कॅनडाची पद्धत, हा गुणांचा खेळ आहे. तिशीपासून दर वाढदिवसाला वयाचे गुण घटतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी शून्य होतात, तेव्हा ‘पुढच्या दिवाळीनंतर बघू’ हे महागात पडतं. बोलावणं आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. साठ दिवस खूप वाटतात, पण पोलिसांचा दाखला, म्हणजे आपली पासपोर्ट ऑफिसची पीसीसी, आणि जुन्या कंपन्यांची पत्रं गोळा करताना ते कधी संपले कळत नाही. कंपनीचं नुसतं रिलीव्हिंग लेटर चालत नाही. हुद्दा, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि काम काय करत होतात ते लिहिलेलं पत्र लागतं. नवऱ्याची अंबडच्या एमआयडीसीतली पहिली कंपनी बंदच पडली होती. मग जुन्या साहेबांकडून कामाचं वर्णन लिहून घेतलं आणि पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेचं पासबुक असं सगळं जोडलं. म्हणून सांगते, नोकरी सोडताना पत्र घ्या, कॅनडाचा विचार मनात नसला तरी.

दहा वर्षांचा इतिहास विचारतात, त्यात एका महिन्याचीही फट चालत नाही. मुलगी झाल्यावर मी चौदा महिने घरी होते. मी तो रकाना मोकळा सोडणार होते, कारण ‘काहीच केलं नाही’ असं कसं लिहायचं! लिहायचं: नोकरी नाही, घरी. एमपीएससीचा अभ्यास करत होता, शेती बघत होता, नुसता बसून होता, जे असेल ते लिहा. मोकळी फट दिसली की फाईल परत येऊ शकते.

पैसे दाखवताना घर, प्लॉट, सोनं यातलं काही धरत नाहीत. हातात घेता येतील असे पैसे हवेत, आणि गेल्या सहा महिन्यांची सरासरी विचारतात. अर्जाच्या आदल्या आठवड्यात सासऱ्यांनी आठ लाख टाकले तर ते कुठून आले याचा कागद लागणार.

मुलांचं आणखी एक. बावीस वर्षांच्या आतलं अविवाहित मूल अर्जात धरता येतं. पण जे मूल किंवा जोडीदार सोबत येणार नाही, त्याचंही नाव द्यायचंच आणि त्याचीही मेडिकल करायची. अर्ज आत असताना बाळ झालं तर लँडिंगच्या, म्हणजे पीआर घेऊन पहिल्यांदा कॅनडात उतरण्याच्या, आधी कळवायचंच. जो माणूस तेव्हा लपला, त्याला नंतर कुटुंब म्हणून बोलावण्याचा रस्ता जवळपास बंद होतो.

एजंटबद्दल माझं मत कडू आहे. आम्हालाही एकजण भेटला होता, दोन लाखांत ‘पक्की जॉब ऑफर’ देणारा. २५ मार्च २०२५ पासून एक्स्प्रेस एंट्रीत नोकरीच्या ऑफरचे गुणच बंद झालेत, म्हणजे आता गुणांसाठी असं पत्र विकणारा हवा विकतो. खोटा कागद पकडला गेला तर पाच वर्षं बंदी, आणि ती एजंटला नाही, तुम्हाला. मदत हवीच असेल तर परवानाधारक कन्सल्टंटच घ्या. त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेला तिथे ‘कॉलेज’ म्हणतात, तिची यादी सगळ्यांसाठी खुली आहे, नाव टाकून बघायला दोन मिनिटं लागतात. फॉर्म मात्र फुकट असतात, त्यांचे पैसे कुणाला देऊ नका.

लँडिंगच्या दिवशी मागून येणाऱ्या सामानाची यादी देता येते. त्यात आपले दागिने फोटो आणि किमतीसकट लिहा. पाटल्या सासूबाईंकडे ठेवून आलात आणि चार वर्षांनी आणल्या, तर ही यादी कामाला येते. मी मंगळसूत्रसुद्धा लिहिलं होतं. तिथल्या बाईनं “ब्लॅक बीड्स?” असं विचारून मन लावून टिपून घेतलं.

आता तारखा. पीआर टिकवायला कुठल्याही पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात हवेत. अनेक जण लँडिंग करून पुण्याच्या नोकरीवर परत जातात. जायला हरकत नाही, पण दिवस लिहून ठेवा. आमच्या ओळखीचं एक जोडपं असंच ‘प्रोजेक्ट संपलं की येतो’ म्हणत साडेतीन वर्षं राहिलं. कार्डावर अजून दीड वर्ष होतं, म्हणून निर्धास्त. पण दीड वर्षात ७३० दिवस भरतच नाहीत. कार्डाची तारीख आणि पीआर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: कार्ड संपलं म्हणून पीआर जात नाही आणि कार्ड आहे म्हणून टिकत नाही. बाहेर असताना कार्डच संपलं तर विमानात चढायला प्रवासाचा वेगळा कागद मागावा लागतो, तिथे दिवस मोजले जातात, आणि नकार आला तर अपिलाला ६० दिवस असतात.

सिटिझनशिपला सही करायच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस लागतात. आम्ही आलो तेव्हा सहा वर्षांत १४६० होते, ऑक्टोबर २०१७ मध्ये कमी झाले. पीआरच्या आधी विद्यार्थी किंवा वर्क परमिटवर राहिला असाल तर त्या काळातला प्रत्येक दिवस अर्धा धरतात, जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर बाहेरचे दिवस लाल पेननं गोल करायचे आणि वर्ष संपलं तरी ते फेकायचे नाही. तरीही चुकलेच! मी पासपोर्टच्या शिक्क्यावरून तारखा भरल्या होत्या. टोरंटोहून ११ डिसेंबरच्या रात्री निघालो, मुंबईत उतरलो तेव्हा १३ उजाडली होती, शिक्का १३ चा. कॅनडा सोडल्याची तारीख ११. सोडल्याचा दिवस आणि परतल्याचा दिवस हे दोन्ही कॅनडातच धरतात, पण म्हणून १२ तारीख माझ्या खात्यात येत नाही. शिक्क्याच्या नादात मी ती कॅनडात राहिल्याची धरून बसले होते. तिकिटांचे ईमेल काढून पाहा, आणि विमान कंपनीची तारीख धरा. नायगाराला पूल ओलांडून अमेरिकेत गेलात आणि त्याच दिवशी परत आलात तर दिवस वजा होत नाही, पण बफेलोला मुक्काम केला तर लिहा. आता सीमेवर जाण्याचीही नोंद होते, त्यांच्याकडे तारखा असतात. सरकारचं ऑनलाइन गणकयंत्र आहे, ते वापरा, आणि १०९५ भरले की त्याच दिवशी अर्ज टाकू नका. मी पंचवीस दिवस वर ठेवले होते, म्हणून माझी चूक जिरली.

दिवसांसोबत त्या पाच वर्षांतल्या तीन वर्षांचं टॅक्स रिटर्न भरलेलं लागतं. गेल्या चार वर्षांत सलग १८३ दिवस दुसऱ्या देशात राहिला असाल तर तिथली पीसीसी. १८ ते ५४ वयाला भाषेचा पुरावा, पण त्यासाठी पुन्हा आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचे पैसे घालू नका. जुना, मुदत संपलेला निकालही चालतो, किंवा इंग्रजी माध्यमातली डिग्री आणि तसं लिहिलेलं विद्यापीठाचं पत्र. परीक्षा सोपी आहे: सरकारी पुस्तिका वाचायची, २० प्रश्न, १५ बरोबर, ४५ मिनिटं. फी मोठ्या माणसाला साडेसहाशे डॉलरच्या आसपास, लहान मुलाला १००. आई किंवा बाबा सोबत अर्ज करत असतील तर मुलांना दिवसांची अट नाही.

शपथ आमची २०२१ मध्ये व्हिडिओवर झाली. पीआर कार्ड कॅमेऱ्यासमोर धरून कात्रीनं कापायला सांगितलं. घरात कात्री सापडेना, शेवटी कोथिंबीर कापायची आणली.

त्या क्षणापासून भारतीय नागरिकत्व संपतं, १९५५ च्या कायद्याचं कलम ९. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. म्हणून शपथेची तारीख माहीत नसताना गणपतीची तिकिटं काढू नका. शपथेनंतर भारतीय पासपोर्टवर प्रवास केला तर दंड होतो, मग मुदत शिल्लक असो वा नसो. आधी कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट जमा करून सरेंडरचा दाखला, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. घाई असेल तर मधल्या काळात व्हिसा काढून जा.

जावेचा प्रश्न नेहमी जमिनीचा. “भाऊजींनी नागरिकत्व घेतलं, आता सातबाऱ्याचं काय?” काही होत नाही. शेतजमीन विकत घ्यायला एनआरआय असतानाही परवानगी नव्हतीच, ओसीआयलाही नाही. वारसानं मात्र येते आणि आधीची नावावर राहते. बक्षीसपत्रानं घेता येत नाही, त्यामुळे सासऱ्यांच्या मनात हयातीतच वाटण्या करायच्या असतील तर नाशिकमधल्या वकिलाला आधी विचारा. मतदान गेलं, ते मला निवडणुकीच्या दिवशी अजून लागतं.

मुलीचं ओसीआय वेगळ्या पाकिटात ठेवलंय. वीस वर्षांची होईपर्यंत दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत त्याची प्रत आणि फोटो साइटवर चढवायचा, आणि विशीनंतरचा पहिला पासपोर्ट आला की कार्डच नवीन काढायचं. पाकिटावर मी ते वर्ष लिहून ठेवलंय, कारण तोपर्यंत हे खातं तिच्याकडे गेलेलं असेल.