तडजोडीचा आकडा कसा वाचावा: आर्मस्ट्राँग प्रकरणाच्या आधारे

सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगने एप्रिल 2018मध्ये अमेरिकी सरकारला 50 लाख डॉलर देण्याचे मान्य करून, उत्तेजक द्रव्ये घेऊन प्रायोजक टपाल खात्याची फसवणूक केल्याचा खटला मिटवला, तेव्हा तो स्वस्तात सुटला असे अनेकांना वाटले. उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणातील तडजोडीविषयी असे मत बनवण्यापूर्वी मूळ मागणी कशावर उभी होती ते पाहावे. अमेरिकी टपाल खात्याने 2000 ते 2004 या काळात त्याच्या संघाच्या प्रायोजनासाठी सुमारे 3.23 कोटी डॉलर दिले होते आणि सरकारची फसवणूक झाल्यास 1863च्या ‘फॉल्स क्लेम्स’ कायद्याखाली नुकसानीच्या तिप्पट भरपाई मागता येते. म्हणून दावा दहा कोटींच्या घरात गेला. मात्र तिप्पट करायची तर आधी नुकसान सिद्ध व्हावे लागते. खात्यानेच करवून घेतलेल्या पाहण्यांत प्रसिद्धीचा लाभ दहा कोटी डॉलरहून अधिक ठरला होता, याकडे बचाव पक्षाने बोट दाखवले, तर पुढे झालेल्या बदनामीने तो लाभ धुऊन निघाला, असे सरकारचे म्हणणे होते. न्यायालयाने 2017मध्ये हा प्रश्न ज्यूरीवर सोपवला. 50 लाख ही त्या अनिश्चिततेची किंमत आहे. तिला गुन्ह्याचे मोजमाप समजू नये.

त्यानंतर पैसा कोणाकडे गेला ते तपासावे. हा दावा सरकारच्या वतीने 2010मध्ये दाखल केला तो आर्मस्ट्राँगचा संघातील जुना सहकारी फ्लॉइड लँडिस याने, आणि 2006च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीचे त्याचे स्वतःचे विजेतेपदही उत्तेजकांमुळेच गेले होते. सरकार दाव्यात सामील झाल्यास माहिती देणाऱ्याला वसुलीच्या 15 ते 25 टक्के मिळतात. लँडिसला 11 लाख मिळाले. शिवाय त्याच्या वकिलांच्या खर्चापोटी आर्मस्ट्राँगने 16.5 लाख वेगळे द्यायचे ठरले, म्हणजे एकूण बोजा 66.5 लाखांचा झाला. मथळ्यात हा दुसरा आकडा बहुधा नसतो.

सर्वांत बारकाईने वाचावे ते ‘अंतिम’ या शब्दाच्या आसपासचे कलम. आर्मस्ट्राँगच्या टूरमधील विजयावरील बक्षिसाची हमी घेतलेल्या डॅलसच्या एससीए प्रमोशन्स या कंपनीने संशयावरून रक्कम रोखली होती. लवादापुढे आर्मस्ट्राँगने शपथेवर उत्तेजके घेतल्याचे नाकारले आणि 2006मध्ये कंपनीने 75 लाख डॉलर देऊन वाद मिटवला. जानेवारी 2013मध्ये त्याने दूरचित्रवाणीवर कबुली दिल्यावर कंपनी पुन्हा त्याच लवादाकडे गेली. तडजोड अंतिम होती, हा त्याचा बचाव चालला नाही, कारण शपथेवर खोटे बोलण्याबद्दल दंड करण्याचा आपला अधिकार शाबूत आहे, असे लवादाच्या बहुमताने ठरवले आणि फेब्रुवारी 2015मध्ये एक कोटी डॉलर देण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तोही वाद जाहीर माफीसह, गुप्त रकमेवर मिटला.

तारखाही बोलक्या असतात. त्याच्या विजयांवरील बक्षिसाचे पैसे परत मागणाऱ्या ॲक्सेप्टन्स इन्शुरन्स या विमा कंपनीशी तडजोड झाली ती नोव्हेंबर 2013मध्ये, आर्मस्ट्राँगची शपथेवरील जबानी तोंडावर आली असताना. अशा वेळी पैशाइतकेच मौनही विकत घेतले जाते, असे माझे मत आहे.

शेवटी, तडजोडीत कोण नाही तेही पाहावे. संघाचा व्यवस्थापक योहान ब्रुइनेल खटला लढवण्यास आला नाही. त्याच्यावर 2018मध्येच सुमारे 12 लाख डॉलर भरण्याचा न्यायालयाचा हुकूम झाला.